शांत जमिनीची नोंद

भूकंपाचं नाव निघालं की महाराष्ट्रात दोन गावं आठवतात, कोयनानगर आणि किल्लारी. कारंजा लाड कुणालाच आठवत नाही. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, गुरुमंदिर, जुन्या पेठेतली जैन मंदिरं, कापसाचा बाजार, सोहोळच्या अभयारण्यातली काळविटं अशी आमच्या गावाची ओळख. देशाच्या भूकंप-नकाशात वाशिम जिल्हा सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे दुसऱ्या विभागात येतो. त्यामुळे भूकंपशास्त्रात पीएच.डी.ला प्रवेश घेतला तेव्हा आईपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, "मग आता कोयनेला राहावं लागेल का?" कोयनेला मी गेलेही. पण माझ्या संशोधनाचं एक केंद्र कारंज्याजवळच्या वावरात बसलं, आणि या विषयात नेमकं काय करायचं असतं ते मला तिथंच उमगलं.

इथेच का, याचं उत्तर किल्लारीत आहे. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सव्वासहाच्या आसपासचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं दगड-मातीच्या भिंतींखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या वेळच्या नकाशात हा परिसर पहिल्या विभागात होता, धोका नगण्य मानला जायचा त्या विभागात. नंतर २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा पहिला विभागच रद्द झाला. म्हणजे आज आमचा जिल्हा ज्या 'सर्वांत कमी' रंगात रंगवला आहे, त्याहूनही फिक्या रंगात किल्लारी होती. नकाशा रंगवणाऱ्यांनी हयगय केली असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हाती नोंदीच थोड्या होत्या. जिथे काही घडत नाही तिथे यंत्र बसवायला कुणी जात नाही, आणि यंत्र नसलं की काही घडत नाही हा समज आणखी पक्का होतो.

दुसरं कारण आमच्या पायाखाली आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टने झाकला गेला. आमच्याकडे विहीर खणणाऱ्या माणसाला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि त्याखाली काळा पाषाण. हिमालयात भेगा आणि वळ्या उघड्यावर दिसतात. इथे जुन्या खडकातल्या भेगा या काळ्या पांघरुणाखाली आहेत. किल्लारीला भूकंपानंतर ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्ट लागला, मग जेमतेम आठ मीटरचा गाळाचा थर आणि त्याखाली कोट्यवधी वर्षांचा जुना नाइस खडक. अशा जमिनीखालची भेग कुठून कशी गेली आहे हे कळायचा एक चांगला मार्ग म्हणजे तिच्यावर होणारे बारीकसारीक धक्के टिपणं. माणसाला न जाणवणारे, दीड-दोन रिश्टरचे. असे धक्के कित्येक वर्षं साठवले, त्यांचे बिंदू नकाशावर मांडले, की हळूहळू रेषा दिसू लागते.

आमचा गट लहान. मार्गदर्शक मॅडम, एक तंत्रज्ञ दादा आणि आम्ही काही विद्यार्थी. भूकंपशास्त्राच्या विद्यार्थ्याचा बराच वेळ संगणकापुढे जातो असं लोकांना वाटतं, ते खरंच आहे. पण सुरुवात मात्र टिकाव-फावड्यानेच होते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि तिच्यावर ठेवलेला सेन्सर वर्षभर कलत राहतो. म्हणून आम्ही बरड, म्हणजे खडक वरच लागेल अशी जमीन, शोधत हिंडलो. रस्त्यापासून दूर, विहिरीपासून दूर, झाडापासूनही दूर, कारण वाऱ्याने झाड हललं की मुळं जमीन हलवतात. समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून जातो, त्याच्या ट्रकांचा कंप टाळायचा म्हणजे आणखी आत जायचं. अखेर एका शेतकऱ्याच्या वावराच्या टोकाला, जिथे पेरा होत नव्हता, तिथे जागा मिळाली. त्यांना आम्ही सगळे आबाजी म्हणायचो.

खड्डा खणून अभंग खडक लागेपर्यंत खाली गेलो. खडक ब्रशने आणि पाण्याने स्वच्छ केला, त्यावर सिमेंटचा छोटा ओटा घातला. ओट्याचा खड्ड्याच्या भिंतीला स्पर्श होऊ द्यायचा नाही, नाहीतर वरच्या मातीचा प्रत्येक धक्का आत येतो. ओटा मुरल्यावर सेन्सर ठेवायचा, त्याचे तीन पाय फिरवत पाणपातळीतला बुडबुडा मधोमध आणायचा. मग उत्तर दिशा. इथे होकायंत्रावर विसंबता येत नाही, कारण बेसॉल्टमध्ये लोहखनिज असतं आणि सुई दोन पावलांवर वेगळी उत्तर दाखवते. मॅडमनी आम्हाला सावलीने उत्तर काढायला शिकवलं. ओळंबा टांगायचा, त्या तारखेला त्या रेखांशावर सूर्य माथ्यावर येण्याची वेळ आधी काढून ठेवायची, आणि त्या क्षणी दोरीची सावली जिथे पडेल तिथे ओट्यावर रेघ मारायची. कारंज्याला ही मध्यान्ह घड्याळात बारा वाजल्यानंतर येते. ऐन थंडीतल्या उन्हात आम्ही त्या बारीक सावलीकडे श्वास रोखून पाहत होतो. रेघ मारली, सेन्सरवरचा बाण तिच्यावर बसवला, वर थर्माकोलचं आवरण, मग झाकण, मग माती. बाजूला सोलर प्लेट, बॅटरी, डिजिटायझर आणि वेळेसाठी जीपीएसचा अँटेना. भूकंपाच्या नोंदीत वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत बिनचूक हवी, एरवी धक्क्याची जागा किलोमीटरने सरकते.

आबाजी हे सगळं शेवटपर्यंत पाहत उभे होते. झाकण बसल्यावर त्यांनी विचारलं,

"पोरी, भूकंप यायच्या आंधी सांगते काय हे?"

"नाही आबाजी. झाल्यावर नोंद ठेवते."

"झाल्यावर त मलेबी समजन. मंग याले कायले पुसू?"

हा प्रश्न मला पुढे पत्रकारांनी विचारला, नातेवाइकांनी विचारला, एका मुलाखतीत परीक्षकांनीही जरा वेगळ्या शब्दांत विचारला. पण आबाजींइतका सरळ कुणी विचारला नाही. त्या दिवशी मी जे काही बोलले त्याने त्यांचं समाधान झालं नाही, आणि ते व्हायला नकोच होतं. त्यांना दाखवता येईल असं माझ्याकडे अजून काही नव्हतं.

सेन्सर तीन दिशांची हालचाल टिपतो, वर-खाली, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. सेकंदाला शंभर आकडे. म्हणजे एका दिशेचे दिवसाला ८६ लाख ४० हजार. यातले जवळजवळ सगळे आकडे भूकंपाचे नसतात. पहिले काही महिने मी तेच वाचत होते. मॅडमचा आग्रह होता की भूकंप शोधायच्या आधी आपल्या जागेचा गोंगाट तोंडपाठ हवा. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची मळणी यंत्रं सुरू झाली की दिवसाचा पट्टा गढूळ व्हायचा. रात्री रोही जवळून गेला की खुरांचे छोटे, समान अंतराचे ठोके उमटायचे. दूरच्या खाणीत सुरुंग उडाला की लहानशा भूकंपासारखीच नोंद दिसायची. सुरुंग आणि भूकंप वेगळे करायला खुणा असतात. स्फोट सगळ्या दिशांना ढकलतो, म्हणून पहिली हालचाल प्रत्येक केंद्रावर वरच्या बाजूला येते. भूकंपात जमीन भेगेवर घसरते, म्हणून काही केंद्रांवर पहिली हालचाल वर आणि काहींवर खाली दिसते. तरी खात्रीसाठी मी क्रशरवर जाऊन सुरुंगाच्या वेळा विचारून यायची, आणि तिथले मुनीम आपल्या वहीतून त्या उतरवून द्यायचे.

हल्ली धक्क्यांच्या लहरी ओळखणारे संगणकीय प्रोग्रॅम आले आहेत. हजारो तासांची नोंद ते चहा होईपर्यंत चाळून देतात. मीही ते वापरते. पण ते दुसऱ्या देशांतल्या भूकंपांवर तयार झालेले असतात, आमच्या बेसॉल्टवरचे सुरुंग त्यांना पुष्कळदा भूकंप वाटतात. म्हणून प्रत्येक संशयास्पद नोंद उघडून, मोठी करून, पहिली लहर नेमकी कुठे उठली तिथे हाताने खूण करणं हे काम अजून विद्यार्थ्याचंच आहे. ते कंटाळवाणं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की या खुणांवरच पुढचं सगळं गणित उभं राहतं.

आबाजींना दाखवण्यासारखी गोष्ट हाती लागली ती मात्र भूकंपाची नव्हती. नोंदीतल्या कंपनांची वारंवारता रंगांत मांडणारा एक आलेख असतो. त्यावर रात्री अचानक एक सरळ, आडवी रेघ सुरू व्हायची आणि काही तासांनी तितकीच अचानक तुटायची. थोडा विचार केल्यावर कळलं, हे ओलिताचे पंप. हरभऱ्याला पाणी द्यायला शेतीची लाइन रात्रीच मिळते, आणि लाइन आली की शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात. त्यांचा कंप खडकातून माझ्या ओट्यापर्यंत येत होता. पुढच्या वेळी बॅटरी तपासायला गेले तेव्हा लॅपटॉप उघडून आबाजींना म्हटलं, "मंगळवारी लाइन रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी आली होती ना? आणि मध्ये एकदा गेली होती?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हाव. बराबर हाय. मी ओलितालेच होतो." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हंजे काहीच नाही झालं तरी हे लिहूनच रायते?"

"हो. सारखं."

"मंग चांगलं हाय. ठेवा."

त्या दिवसापासून सोलर प्लेटवरची धूळ आबाजी स्वतः पुसू लागले. उंदरांनी वायर कुरतडली तेव्हा पहिला फोन त्यांचाच आला. आमच्या क्षेत्रात लोकसहभाग हा शब्द फार वापरला जातो. मला त्याचा अर्थ असा दिसला की यंत्र खरं बोलतं याचा पडताळा माणसाला स्वतःच्या अनुभवाने मिळायला हवा.

६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात ७.८ क्षमतेचा भूकंप झाला. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ६ वाजून ४७ मिनिटं झाली होती. पहिली लहर पृथ्वीच्या पोटातून वाट काढत सात-साडेसात मिनिटांत कारंज्याला पोचली. त्यानंतर पृष्ठभागावरून येणाऱ्या लांब लहरी कितीतरी वेळ येत राहिल्या. आबाजींच्या वावरात कुणालाच काही जाणवलं नाही, पण खालचा खडक हळूहळू वर-खाली होत होता. अशा दूरच्या भूकंपांचा आम्हाला वेगळा उपयोग असतो. खालून येणारी लहर कवच आणि प्रावरण यांच्या सीमेवर आपलं रूप थोडं बदलते, आणि बदललेली लहर काही सेकंद मागून येते. त्या सेकंदांवरून कवचाची जाडी काढता येते. दख्खनच्या पठाराखाली ती साधारण ३५ ते ४० किलोमीटर आहे. हे सारं गणित करताना तिकडे हजारो घरं कोसळली आहेत हे डोक्यातून जात नव्हतं. प्रयोगशाळेत त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही. आम्ही नोंदी जपून ठेवल्या. दुसऱ्याच्या दुःखातून आलेली माहिती वाया जाऊ द्यायची नाही, एवढंच हातात होतं.

आणि मग १० जुलै २०२४. सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ क्षमतेचा धक्का बसला. त्याच वर्षी २१ मार्चलाही तिथे तेवढाच धक्का पहाटे बसला होता. हिंगोलीसाठी हे नवीन नव्हतं. वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे हे गाव जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांसाठी कित्येक वर्षं बातम्यांत आहे. शेजारच्या नांदेड शहराखालीही २००७ च्या आसपास लहान धक्क्यांची मालिका झाली होती. यावेळचा धक्का आमच्या वाशिमपर्यंत लोकांना जाणवला. आईचा फोन आला, "भांडी वाजली असं वरच्या आळीतल्या बाई सांगत होत्या, खरं का?"

नोंद उघडली तेव्हा आधी दिसली ती समुद्राची लय. पावसाळ्यात अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर खवळलेले असतात, त्यांच्या लाटा समुद्रतळावर आदळतात, आणि तो पाच-सात सेकंदांच्या लयीचा कंप पाचशे किलोमीटर आत आमच्या बरडावरही पोचतो. आदल्या वर्षी बिपरजॉय चक्रीवादळ समुद्रात होतं तेव्हा हीच लय किती फुगलेली दिसली होती. ती गाळून टाकल्यावर पडदा स्वच्छ झाला आणि आडव्या रेघेतून पहिली, म्हणजे पी-लहर टोकदार उठलेली दिसली. मग तिच्या शेपटीतच, चौदा-पंधरा सेकंदांनी, दुप्पट-तिप्पट उंच एस-लहर. या दोन लहरींमधल्या सेकंदांना आठाने गुणलं की भूकंपाचं अंतर किलोमीटरमध्ये ढोबळमानाने मिळतं. सुमारे १२० किलोमीटर. नकाशावर कारंज्यापासून हिंगोलीकडे तेवढंच मोजलं. एका केंद्रावरून अंतर कळतं, तीन केंद्रांवरून जागा, आणि आजूबाजूने केंद्रं दाट असतील तरच खोली नीट कळते. उत्तरेच्या बाजूला आमचं ते एकुलतं केंद्र नसतं तर आमच्या गणितात धक्क्याची जागा दक्षिणेकडच्या नोंदींनी एका बाजूला ओढली गेली असती. ज्या वावरात काही घडत नव्हतं, तिथल्या नोंदीने दुसऱ्या जिल्ह्यातल्या धक्क्याची जागा पक्की केली. आबाजींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या सकाळी नीट देता आलं असतं.

दुसऱ्याच दिवशी कारंज्याच्या ओळखीच्या लोकांचे निरोप सुरू झाले. मोबाइलवर कुणीतरी पसरवलं होतं की आज रात्री मोठा भूकंप येणार, घराबाहेर झोपा. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची रांग लागली तेव्हा लोकांनी थंडीत अशाच रात्री काढल्या होत्या. मी प्रत्येकाला सांगितलं, भूकंपाची तारीख आणि वेळ आज जगात कुणालाही सांगता येत नाही, जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. यावर हमखास पुढचा प्रश्न येतो, "मग मोठा येणार नाही हे तरी नक्की का?" तेही नक्की सांगता येत नाही. किल्लारीला १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये धक्के बसले, मग शांतता झाली आणि पुढच्या वर्षी तो भूकंप आला. हिंगोली-नांदेडला मात्र अनेक धक्के येऊन गेले आणि मोठं काही झालं नाही. धीर देण्यासाठी खोटं बोलावंसं वाटण्याचा क्षण असतो. तो ओलांडायचा असतो. आज खोटा धीर दिला तर उद्या आपण खरं सांगू तेही कुणी ऐकणार नाही.

ज्याची खात्री देता येते असं मात्र पुष्कळ आहे. त्याचा मोठा भाग मी कोयनेच्या सहलीत शिकले. १९६२ साली कोयना धरणात पाणी साठू लागलं आणि परिसरात धक्के सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला, दीडशेहून जास्त माणसं गेली. जलाशयामुळे चेतवल्या जाणाऱ्या भूकंपांचं जगातलं ठळक उदाहरण म्हणून आज कोयनेचं नाव घेतात. कराडला भूविज्ञान मंत्रालयाची खास प्रयोगशाळा आहे. गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन भूकंपाच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न तिथल्या शास्त्रज्ञांनी केला आहे. त्या परिसरातल्या छिद्रांतून निघालेल्या खडकाच्या कांड्या लांब पेट्यांत ओळीने मांडलेल्या असतात. सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत काळा बेसॉल्ट, आणि मग एकदम फिकट, गुलाबी-करडा ग्रॅनाइट. ज्या सीमेबद्दल मी इतकं वाचलं होतं तिच्यावर बोट ठेवता आलं. कोयनेला जे शक्य झालं त्यामागे साठ वर्षांची न तुटलेली नोंद आहे. इतका पैसा आणि इतकी माणसं तिथे खर्ची पडली ती या नोंदीच्या बळावर.

खात्रीने सांगता येणारी दुसरी गोष्ट घरांची. किल्लारीत माणसं मेली ती जाड दगडी भिंती अंगावर पडून. भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक असे दगड लावलेले, मध्ये माती आणि तुकड्यांची भर, दोन्ही बाजूंना जोडणारे आरपार दगड नाहीत, वर जड माळवद. हादरा बसला की दोन्ही थर सुटतात. कारंज्याच्या जुन्या आळ्यांत असे वाडे आजही राहते आहेत, आमचाही त्यांपैकीच. आरपार जोडदगड, खिडक्या-दारांच्या वरून घराभोवती फिरणारा सळईचा सलग पट्टा, कोपऱ्यांची मजबुती, छताचं वजन कमी करणं, हे उपाय गवंड्याला समजतात आणि खर्चही आवाक्यातला असतो. मागच्या वर्षी आमच्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांना बाबांनी असा पट्टा घालून घेतला. गवंडी आधी म्हणाला, इथं कायचा भूकंप? मग काम पाहून दोन शेजाऱ्यांनीही त्यालाच बोलावलं. माझ्या प्रबंधात याची ओळ येणार नाही, पण त्या प्रबंधाचा उपयोग कुणी विचारला तर मी आधी हेच सांगते.

प्रबंधातला हिशोब मात्र आकड्यांचा. क्षमता एका अंकाने कमी झाली की भूकंपांची संख्या साधारण दहापट वाढते. या नियमामुळेच लहान धक्के मोजून मोठ्याची शक्यता काढता येते. पण आमच्यासारख्या शांत प्रदेशात लहान धक्केही विरळ, त्यामुळे नोंद दशकानुदशकं चालली तरच आकड्यांना अर्थ येतो. एका पीएच.डी.चा काळ चार-पाच वर्षांचा, फेलोशिप त्याहून आधी संपते, प्रकल्पाचा निधी संपला की यंत्रं परत न्यावी लागतात. म्हणून हे काम एका विद्यार्थ्याचं असूच शकत नाही. विदर्भातल्या महाविद्यालयांनी आपापल्या आवारातल्या खडकावर एकेक केंद्र सांभाळलं, त्याची नोंद राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या जाळ्याला पूरक ठरली आणि सर्वांना खुली राहिली, तर पुढच्या पिढीचा नकाशा अंदाजावर रंगवावा लागणार नाही. माझ्यानंतरच्या विद्यार्थिनीला मी सध्या बरडावर नेऊन सावलीने उत्तर काढायला शिकवते आहे. केंद्र तिच्या हाती देईन तेव्हा नोंदीत एकाही दिवसाचा खंड नसावा, यासाठी माझी सगळी धडपड आहे.